फक्त बघण्याची परवानगी

३ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट. चापट कशाबद्दल ते आधी सांगते.

अधू पायांचे बूट करणाऱ्या आमच्या कारखान्यासाठी तू ती मापांची ऑनलाइन वही करून दिलीस तेव्हा म्हणाला होतास, "ताई, बाजूला लिहायला जागा आहे. काही विचारायचं असेल तर तिथेच लिहीत जा." मी भाबडी. मला वाटलं, तुला लिहिलेलं तूच वाचणार. सोमवारी मी तिथे ऐसपैस लिहिलं, की आमचे कापणारे काका चामडं कापताना दिवसभर एकच ओळ गुणगुणतात, तीही बेसूर, आणि निवृत्तीचा विषय काढला की त्यांना ऐकू येत नाही. मंगळवारी काका आले, टोपी खुंटीला अडकवली, आणि संध्याकाळपर्यंत शब्द नाही की सूर नाही. शेवटी सूनबाईने मला चामड्याच्या ढिगामागे नेऊन हळूच सांगितलं, "आई, तुम्ही मामांना लिहिलंत ना, ते सगळ्यांना दिसतं."

सगळ्यांना म्हणजे अकरा जणांना! त्यात आपल्याकडे गिऱ्हाइकं पाठवणारे इस्पितळातले दोन डॉक्टर. एकाने तर खाली अंगठा उंचावलेलं चित्र टाकलंय.

म्हणून आता कागद, पाकीट आणि तिकीट. हे तरी बंद राहतं.

दुसरी गोष्ट. कोणाला काय करता येईल ते ठरव, असं तू सांगितलं होतंस. ठरवलं. तिथे चार पाट्या आहेत: मालक, बदल करणारा, शेरा लिहिणारा आणि फक्त बघणारा. आता तूच सांग, तीस वर्षं माझ्याकडे कात्री चालवणाऱ्या माणसाला मी "फक्त बघणारा" कशी म्हणू? बघे रस्त्यात जमतात, कोणाची सायकल घसरली की. आणि सूनबाई तर घरची. मग मी सगळ्यांनाच मालक करून टाकलं. कोणाला वाईट वाटायला नको. तुझे भावोजी असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

परवापासून वहीत तुझं नाव दिसत नाही. काका म्हणतात, "हा कोण बाहेरचा माणूस मधे बसला होता, त्याला मी काढून टाकलं." ते मालकच आहेत, मी काय बोलणार?

मुलाचं जहाज आता चार महिन्यांनी येईल. घरात आम्ही दोघीच, सासू आणि सून. बरं चाललंय.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि चापट गालावर घेतली. बाहेरच्या माणसाला सूनबाईने फोनवरून मागच्या दाराने आत घेतलं. काकांना सांग, मी रागावलेलो नाही. एवढ्या मोठ्या ऑफिसात चार हजार लोकांची संगणकातली कुलपं मी सांभाळतो, पण मला कोणी असं दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवलं नव्हतं. इथे सांगितलं तर माझी नोकरी जाईल.

ताई, तुझं मन मोठं आहे, पण ही पंगत नव्हे. अकरा मालक म्हणजे अकरा जणांकडे घराची किल्ली, तिजोरीची किल्ली आणि शिवाय कुलूपच बदलायचा हक्क. आत आल्याबरोबर काय दिसलं सांगू? तू ज्या निवृत्त हेडमास्तरांचे बूट करतेस, त्यांनाही मालक केलंस. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांची पानं वाचली, आणि कोणाच्या पायाला किती बोटं आहेत यावर शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या केल्या.

हसू आलं, पण सगळंच हसण्यावारी नेऊ नकोस. लोक तुझ्यापुढे मोजा काढतात तेव्हा घरातल्या माणसांनाही न दाखवलेला पाय दाखवतात. तो पाय हेडमास्तरांनी का बघावा?

माझ्या धंद्याचा सगळा वेद एका वाक्यात सांगतो, फी नको. ज्याला कामासाठी जेवढं लागतं तेवढं त्याला द्यावं, जास्त नाही आणि कमीही नाही. काकांना मापं वाचायची असतात, त्यांना बघू दे. डॉक्टरांना शेरा लिहायचा असतो, लिहू दे. मापं तू आणि सूनबाई भरता, तुम्हा दोघींना बदल करू दे. हेडमास्तरांना फक्त बूट दे.

आणि "फक्त बघणारा" ही शिवी नाही गं. ते कामाचं नाव आहे.

तुझा,
बाहेरचा माणूस


२१ फेब्रुवारी

चि. द्वारपालास,

आशीर्वाद. तुझं ऐकलं. इतकं ऐकलं की तू चाट पडशील.

शुक्रवारी दुपारी दार लावून बसले आणि एकेकाला खाली उतरवत गेले. डॉक्टर खाली. हेडमास्तर बाहेर. काका खाली; त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मला आता लिहावं लागणार नाही ना?" आणि लगेच गुणगुणायला लागले. आता वहीत बदल करणारी एकटी मी. तूही मालक म्हणून आहेस, कारण तुला काढलं तर परत आत कसं घ्यायचं ते मला ठाऊक नाही.

सूनबाईलाही फक्त बघायला ठेवलंय. थांब, लगेच भुवया उंचावू नकोस. पूर्ण ऐक.

तिला येऊन तीन वर्षं झाली. हुशार आहे, शिवण तर माझ्यापेक्षा बारीक. पण परवा मी मापं भरत होते, तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आकडे भरलेत की एकदा माझ्या नजरेखालून घालत जा ना." माझे आकडे, तिच्या नजरेखालून! मी एकतीस वर्षं पाय हातात घेतेय. मी तिला चहा टाकायला पाठवलं. पण समजायचं ते समजले. नवरा जहाजावर, सासूचं वय झालेलं, कारखाना आयता. असं मनात येतं माणसाच्या, तिचा दोष नाही. तूच म्हणालास ना, कामाला लागतं तेवढंच द्यावं? तिला शिवायला सुई लागते. सुई दिलीय.

तर आता तुझी बहीणही द्वारपाल झाली. घराण्यात दोन झाले.

तुझी ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. घराण्यात दुसरा द्वारपाल झाल्याचं वाचून अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळं देऊन टाकतो. मग एकदा तोंड पोळतं आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचं सगळं काढून घेतो. तिसऱ्या आठवड्यात काम बंद पडतं. तू दोन आठवडे अगदी बरहुकूम पार पाडलेस.

सूनबाईला तिचा हक्क परत दे. तुला लहानपणापासून ओळखतो मी. भातुकलीतही चूल तुझी, भांडी तुझी, आणि आम्ही फक्त जेवायचं. "नजरेखालून घालत जा" म्हणाली म्हणजे कारखाना मागितला नाही गं तिने.

दिलास की दोन ओळी टाक.

तुझा धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. महिनाभर लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून राग आला होता, आणि राग उतरला तेव्हा लिहायला तोंड राहिलं नव्हतं.

आमच्या गल्लीला पत्रं देणारी टपालवाली बाई तुला आठवत असेल, उंच, मोठमोठ्याने हसणारी. तिचा डावा पाय आखूड. टाच उंच करून दिली की ती सरळ चालते आणि दिवसाचे बारा किलोमीटर हसत तुडवते. तिला फेब्रुवारीच्या अखेरीला नवे बूट दिले. पंधरा दिवसांनी आली ती कमरेवर हात ठेवून. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही हो, माझंच चालणं बिघडलंय. बूट तुम्ही केलेत, म्हणजे बरोबरच असणार."

मी तिला भिंतीशी उभं केलं आणि टाचेखाली पट्ट्या सरकवत हाताने पुन्हा माप घेतलं. एकोणीस मिलिमीटर हवी होती टाच. बुटात आहे अकरा. वहीत बघितलं, तिथेही अकरा. तिला डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलंय. पत्रं आता दुसराच कोणी आणतो आणि ओली करून टाकतो.

एवढंच नाही. आणखी दोन गिऱ्हाइकांचे बूट परत आले. मापं चुकलेली.

धाकट्या, माझ्या वहीत कोणीतरी हात घातलाय. मी सगळ्यांचे हक्क काढले, पण त्याआधी सगळेच मालक होते. हेडमास्तरांनी केलं असेल. काकांनी चुकून कुठे बोट लावलं असेल. किंवा... तिसरं नाव मी लिहीत नाही. ती हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. ताट वाढते, "आई, बसा" म्हणते, आणि पाणी आणायला म्हणून आत जाते ती येतच नाही.

तू मालक आहेस, तुला तिथलं सगळं दिसतं. शोधून काढ. कोण आहे ते मला सांग. मग मी बघते.

तुझी ताई


३० मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

बघितलं. दोन संध्याकाळी बसून पहिल्या पानापासून बघितलं. नाव सांगणार नाही. मी दार राखतो, चुगल्या करत नाही.

पण तुला स्वतःला बघता येईल. वहीच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळाचं बारीक चित्र आहे. त्यावर दाब. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय होतं त्याचं काय केलं, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. कोणी पुसू शकत नाही, मीही नाही. अगदी जानेवारीपासून बघ. एकटी बस. चहा घेऊन बस. आणि हो, अक्षर मोठं करून घे. उजवीकडे अधिकचं चिन्ह आहे, ते चार-पाच वेळा दाबलंस तरी चालेल.

मी गेल्या महिन्यात चष्मा बदलला. इतकी वर्षं ऑफिसातली भिंत पिवळी समजत होतो, ती पांढरी निघाली. तूही एकदा डोळे दाखवून घे की. वयात तू माझ्या पुढेच आहेस, हे तू मला कधी विसरू दिलेलं नाहीस.

बघितल्यावर मला लगेच लिहू नकोस. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी आधी बोल.

तुझा धाकटा


८ एप्रिल

प्रिय धाकट्या,

आज चिरंजीव वगैरे नको. आज तू मोठा.

रविवारी कारखाना बंद होता. सूनबाई बाजारात गेली होती. मी ते घड्याळ दाबलं आणि अक्षर मोठं केलं. पाच वेळा दाबलं, तेव्हा कुठे वाचता आलं. तिथेच मला काय ते कळायला हवं होतं.

जानेवारीच्या आठ तारखेला, दुपारी तीन वाजता, मी एका गिऱ्हाइकाचं माप भरलं: एकसष्ट. त्याच दिवशी संध्याकाळी सहा वीसला ते एकोणसत्तर झालं. करणारी, सूनबाई. अकरा जानेवारीला पुन्हा तसंच. मला आधी हर्ष झाला, खोटं कशाला सांगू? म्हटलं, सापडली. मग भिंतीवरच्या खिळ्याला लावलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या, ज्यांवर मी माप घेताना आकडा लिहिते. खिडकीशी गेले, उन्हात धरल्या. चिठ्ठीवर माझ्याच हाताने एकोणसत्तर. वहीत मी भरलं होतं एकसष्ट.

नऊ आणि एक. माझ्या चिठ्ठीवरचा नऊ मला एक दिसतो रे. हात बरोबर मापतो, डोळा चुकीचं वाचतो.

मी मोजलं. सात आठवड्यांत चौदा वेळा तिने मला सावरलंय. रोज संध्याकाळी मी वर गेले की ती खिळ्यावरच्या चिठ्ठ्या काढून एकेक आकडा ताडून बघायची, चूक दुरुस्त करायची, आणि वर येऊन "आई, चहा टाकू?" म्हणायची. वीस फेब्रुवारीला मी तिचा हक्क काढला. त्यानंतर दुरुस्ती एकही नाही. टपालवालीचं माप मी भरलं तेवीसला.

आता जे तुला आधी लिहिलं नाही ते लिहिते. तेवीसला संध्याकाळी सूनबाई मला म्हणाली होती, "आई, टपालवाल्या ताईंचं पान एकदा बघाल का? मला शंका आहे." आणि मी काय म्हणाले सांगू? "तुला बघायची परवानगी आहे ना, बघत बस." काकांसमोर म्हणाले. ती मग काकांकडे गेली, तर काका म्हणाले, "वहीत अकरा तर मी अकरा. वहीपुढे मी कोण?"

ती बाजारातून आली तेव्हा मी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडून बसले होते. ती दारातच थांबली. भाजीची पिशवीही खाली ठेवली नाही.

मी म्हटलं, "चौदा वेळा. एकदा तरी सांगायचंस मला."

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही माप घेणंच सोडलं असतं. तुम्हाला ओळखते मी. आणि पायाला नुसता हात लावून तुम्हाला जे कळतं ना, ते मला अजून कळत नाही आई. तुम्ही थांबलात तर मी शिकणार कोणाकडून?"

मी चिठ्ठ्या गोळा करायला लागले. मग तीच म्हणाली, "पण टपालवाल्या ताईंच्या वेळी माझंही चुकलं. तुम्ही काकांसमोर बोललात, मला राग आला. मी म्हटलं, असू दे, होऊ दे चूक, मग कळेल. ओरडून सांगायला हवं होतं. बाई आडवी झाली."

धाकट्या, मी उठले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. माफी मागणं मला कधी जमलेलं नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला. लिहूनही पाठवला." ती म्हणाली, "मामांना?" मी म्हटलं, "हो." तर म्हणते कशी, "चला, या वेळी कागदावर लिहिलात ते बरं झालं. नाहीतर डॉक्टरांनी त्यालाही अंगठा दाखवला असता."

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो, आणि भाजी ओट्यावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघी टपालवालीच्या घरी गेलो. मी तिला स्पष्ट सांगितलं: चूक माझी, तुमच्या चालण्याची नाही. ती उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, "पंधरा दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते हो." ते ऐकणं फार जड गेलं. नवे बूट आम्ही दोघी मिळून करतोय. मी मापलं, सूनबाईने वाचलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. उजवा पुढच्या आठवड्यात, डावा महिन्याने. डॉक्टर म्हणाले, "बाई, एवढे दिवस तुम्ही काम कसं केलंत?" मी म्हटलं, "मी नाही केलं."

काल वहीत सूनबाईला मालक केलं.  एकतीस वर्षांचा कारखाना एका बटणावर. मशीनने विचारलं, नक्की का? मी दोनदा नक्की म्हटलं.

तुला सगळं कळलं होतं आणि तू गप्प राहिलास. यासाठी तुला कोणती चापट द्यायची ते भेटल्यावर ठरवेन.

तुझी ताई


६ मे

मामांना नमस्कार,

आईंनी सांगितलं म्हणून मी लिहितेय. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. डाव्याचं पुढच्या आठवड्यात. तोवर लिहा-वाचायला डॉक्टरांनी मनाई केलीय, त्यामुळे त्या बाजूला बसून सांगतायत आणि मी त्यातलं अर्धंच लिहितेय. उरलेलं अर्धं तुमच्याबद्दल आहे.

टपालवाल्या ताई सोमवारी आल्या. नवे बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. आई उंबऱ्याशी उभ्या राहून नुसता आवाज ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोन्ही पावलं सारखी वाजतायत." मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले, ताईंना चार वेळा फेऱ्या मारायला लावल्या, आणि चौथ्या फेरीला मलाही ऐकू आलं. ताई पुढच्या सोमवारपासून कामावर जातील, सुरुवातीला अर्धाच रस्ता.

वहीचं म्हणाल तर मी सगळ्यांचे हक्क पुन्हा नीट लावलेत. काका बघतात, डॉक्टर शेरा लिहितात, आई बदल करू शकतात. मी केलेल्या नोंदी त्या तपासतील आणि त्यांनी केलेल्या मी, असं ठरलंय. आई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर पहारा." मी म्हटलं, "माझ्यावरही." त्यावर त्या जेवायला वाढ म्हणाल्या.

एक गोष्ट त्या मला लिहू देणार नाहीत, म्हणून त्या आत गेल्यात तेवढ्यात लिहिते. पट्टी काढली त्या दिवशी मी समोर बसले होते. त्यांनी डोळा उघडला, मिचकावला, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या जवळून त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"अगं," म्हणाल्या, "तुझे केस पांढरे व्हायला लागलेत की! कधीपासून?"

मी म्हटलं, "तीन वर्षं झाली आई, या घरात आल्यापासून."

इस्पितळाच्या त्या खोलीत आणखी चार जण डोळ्यांना पट्ट्या बांधून शांत पडले होते. आई इतक्या मोठ्याने हसल्या की नर्स धावत आली. हसल्याने टाका ताणतो, म्हणून आम्हा दोघींनाही रागावली, आणि मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

तुमची सूनबाई